नळाच्या आतली कल्हई

ऑक्टोबर २०१४. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे शहर म्हणजे जनरल मोटर्सचं माहेर. १९०८ साली ही कंपनी इथेच जन्माला आली. तिथल्या इंजिनांच्या कारखान्यात एक अडचण उभी राहिली. शहराच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या सुट्या भागांवर गंज चढायला लागला. तपासल्यावर कळलं की पाण्यात क्लोराईड फार आहे. कंपनीने शहराचं पाणी बंद केलं, शेजारच्या टाउनशिपकडून ह्युरॉन सरोवराचं पाणी घेतलं आणि काम पुढे चालू ठेवलं. शहराचा वर्षाला काही लाख डॉलरचा महसूल बुडाला, पण परवानगी मिळाली.

तेच पाणी फ्लिंटमधले जवळपास एक लाख लोक पुढे आणखी वर्षभर पीत राहिले. इंजिनाचं लोखंड गंजवणारं पाणी लोखंडाच्याच पाईपांतून घरोघरी जातंय, तर त्या पाईपांचं आत काय होत असेल, हा प्रश्न अधिकाराच्या जागेवर बसलेल्या कुणी तेव्हा गांभीर्याने घेतला नाही. पाणीपुरवठ्यातली सगळी मेख याच प्रश्नात आहे.

आपल्या डोक्यात पाणी शुद्ध करण्याचं चित्र साधारण असं असतं: धरण, मग जलशुद्धीकरण केंद्र, तुरटी, वाळूचे गाळणे, क्लोरीन, आणि तिथून निघालेलं स्वच्छ पाणी पाईपमधून घरी. पाईप म्हणजे फक्त रस्ता. प्रत्यक्षात केंद्रातून निघालेलं पाणी घरी पोचायला कित्येक तास, कधी कधी दिवस लागतात, आणि तेवढा सगळा वेळ ते लोखंड, तांबं, पितळ, सिमेंट, जुन्या शहरांत शिसं अशा कशाला ना कशाला चिकटून असतं. या वाटेतही रसायनशास्त्र चालूच असतं. फरक एवढाच की त्यावर कुणी ऑपरेटर नेमलेला नसतो.

पाणी पाईपला खातं ते कसं

चांगल्या पाण्याची आपली घरगुती कसोटी ठरलेली आहे. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत नाही, ते पाणी चांगलं. डाळ न शिजवणारं ते जड पाणी. पाईपच्या दृष्टीने मात्र हा हिशोब बराचसा उलटा आहे. ज्या पाण्यात आधीच कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर आहे, ते पाईपच्या भिंतीवर थर सोडत जातं. पावसाचं, डोंगरातलं, क्षार कमी असलेलं मऊ पाणी भुकेलं असतं. त्याला विरघळवायला काहीतरी हवं असतं, आणि सगळ्यात जवळ असते पाईपची भिंत.

ग्लासगो शहराने हे अनुभवलं आहे. १८५९ पासून त्या शहराला लॉख कॅट्रिन नावाच्या डोंगरातल्या सरोवराचं पाणी मिळतं. अतिशय निर्मळ, अतिशय मऊ, शहराला त्याचा अभिमान. घरांमधले पाईप आणि टाक्या मात्र शिशाच्या. त्या निर्मळ पाण्याने पिढ्यान् पिढ्या शिसं विरघळवून लोकांच्या पोटात नेलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पाण्यात चुना मिसळून त्याची आम्लता कमी करायला सुरुवात झाली, पुढे फॉस्फेटही आलं, तेव्हा शिशाचं प्रमाण खाली आलं.

शिशाचे पाईप मुळात घातलेच का, असं कुणालाही वाटेल. शिसं मऊ असतं, हवं तसं वाकतं, जमीन थोडी हलली तरी तडकत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीपासून घरापर्यंतचा जो बारीक जोड असतो, सर्व्हिस लाइन, त्यासाठी ते सोयीचं होतं. शिकागो शहराच्या नियमावलीत तर हा जोड शिशाचाच हवा अशी सक्ती होती, आणि १९८६ मध्ये केंद्रीय कायद्याने बंदी घातली तेव्हाच ती संपली. त्याच कायद्याने तांब्याचे पाईप जोडताना वापरलं जाणारं शिशाचं डाखही बंद केलं.

एवढी शहरं शिशाच्या पाईपमधून पाणी पीत होती आणि तरीही बहुतेक ठिकाणी, बहुतेक काळ, मोठा अनर्थ दिसला नाही. त्याचं कारण पाईपच्या आत बसलेला थर. पितळेच्या भांड्याला कल्हई असेल तर त्यात ताक निर्धास्त ठेवता येतं. कल्हई उडाली की तेच ताक कळकतं. शिशाच्या पाईपलाही आतून अशी कल्हई चढते. ती लावायला कुणी कल्हईवाला येत नाही, पाणीच ती लावतं. शिशाचा पृष्ठभाग पाण्यातल्या कार्बोनेटशी किंवा फॉस्फेटशी संयोग पावतो आणि न विरघळणाऱ्या क्षाराचा पातळ पापुद्रा तयार होतो. पाणी मग शिशावरून न वाहता त्या पापुद्र्यावरून वाहतं. पाणी जोवर तेच राहतं, तोवर पापुद्राही टिकतो. पाणी बदललं की तो टिकेलच याची खात्री नाही.

हा पापुद्रा कशावर टिकतो? पहिली गोष्ट पीएच. हा आकडा एकाने खाली आला की पाण्याची आम्लता दसपट झालेली असते, त्यामुळे ८ वरून ७ वर येणं दिसायला किरकोळ आणि पाईपसाठी मोठी घटना. दुसरी, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती कमी असेल तर पीएच जागोजागी, वेळोवेळी हेलकावे खातो. केंद्रातून निघताना ८ असलेला पीएच शेवटच्या गल्लीत ८ असेलच असं नाही. तिसरी गोष्ट क्लोराईड आणि सल्फेट यांचं गुणोत्तर. तांब्याच्या पाईपला शिशाचं डाख लागलेलं असेल तर दोन धातू आणि मधे पाणी मिळून खरीखुरी विद्युतघट तयार होते, अगदी पाठ्यपुस्तकातली, आणि त्यात झिजतं ते शिसं. सल्फेट असेल तर शिशावर न विरघळणारा थर बसून ही झीज मंदावते. क्लोराईड वाढलं तर ती भडकते. हे गुणोत्तर साधारण ०.५ च्या वर गेलं की अभियंत्यांनी सावध व्हावं असा संकेत आहे.

आणि चौथी गोष्ट ऑर्थोफॉस्फेट. हे पाण्यात मुद्दाम घालतात, लिटरला एक ते तीन मिलिग्रॅमच्या आसपास. शिशाशी त्याचा जो क्षार बनतो तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. ब्रिटनमधला बहुतांश पाणीपुरवठा आज या फॉस्फेटच्या आधाराने चालतो.

फ्लिंटमध्ये काय झालं

२०१४ पर्यंत फ्लिंट आपलं पाणी डेट्रॉईटकडून विकत घेत होतं. ह्युरॉन सरोवराचं पाणी, डेट्रॉईटच्या केंद्रात शुद्ध केलेलं, फॉस्फेट घातलेलं. शहर आर्थिकदृष्ट्या डबघाईला आलेलं असल्यामुळे कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. सरोवरापासून नवी जलवाहिनी येणार होती. ती येईपर्यंत गावातल्याच फ्लिंट नदीचं पाणी वापरायचं आणि दोन वर्षांत पन्नास लाख डॉलर वाचवायचे, असा बेत ठरला. २५ एप्रिल २०१४ रोजी बदल झाला.

नदीचं पाणी सरोवरासारखं नव्हतं. त्यात सेंद्रिय कचरा जास्त, ऋतूप्रमाणे चढउतार जास्त आणि क्लोराईडही कितीतरी जास्त. थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ शेवटी नदीतच जातं. त्यात शुद्धीकरणासाठी फेरिक क्लोराईड वापरलं, म्हणजे आणखी क्लोराईड. क्लोराईड-सल्फेटचं जे गुणोत्तर डेट्रॉईटच्या पाण्यात ०.४५ च्या आसपास होतं, ते १.६ वर गेलं. आणि फॉस्फेट? ते घातलंच नाही. त्याचा खर्च दिवसाला शंभर डॉलरच्या आसपास आला असता असं नंतर सांगितलं गेलं.

पुढची साखळी नीट पाहण्यासारखी आहे, कारण पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट सुटली की दुसरी कशी बिघडते ते इथे एकामागोमाग एक दिसतं.

मोठ्या जलवाहिन्या लोखंडाच्या होत्या. गंजविरोधी काहीच नसल्यामुळे लोखंडावरचा जुना थर सुटायला लागला. नळाला तांबूस पाणी येऊ लागलं. गंजतं लोखंड क्लोरीन खातं. केंद्रातून पुरेसं क्लोरीन घालून पाठवलेलं पाणी लांबच्या वस्तीत पोचेपर्यंत त्यात क्लोरीन उरेना. क्लोरीन नाही म्हणजे जंतूंना मोकळं रान. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पाण्यात मैल्याचे निदर्शक जीवाणू सापडले आणि लोकांना पाणी उकळून प्यायला सांगण्यात आलं. उपाय म्हणून क्लोरीन वाढवलं. नदीच्या पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी वाढीव क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची, दीर्घकाळात कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी संयुगं तयार झाली, आणि त्यांनी मर्यादा ओलांडल्याची सूचना जानेवारी २०१५ मध्ये नागरिकांना गेली. दरम्यान त्या भागात लेजिओनेला जीवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचे सुमारे नव्वद रुग्ण सापडले, त्यांतले बारा जण दगावले. कमी क्लोरीन, गंजलेलं लोखंड आणि उबदार पाणी ही या जीवाणूची आवडती परिस्थिती.

एका फॉस्फेटच्या अभावातून इतकं सगळं. आणि यात अजून शिशाचा उल्लेखही आलेला नाही, कारण शिसं दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लोक बाटल्यांत भरून महापालिकेत घेऊन गेले ते तांबूस पाणी लोखंडामुळे तांबूस होतं. माझ्या मते फ्लिंटचं त्यातल्या त्यात नशीब हेच, की तिथलं पाणी किळसवाणं दिसत होतं. ते दिसलं नसतं तर शिशाकडे कुणाचं लक्ष किती वर्षांनी गेलं असतं, सांगता येत नाही.

लीअॅन वॉल्टर्स या गृहिणीने पिच्छा पुरवल्यावर तिच्या घरचं पाणी तपासलं गेलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यात शिसं निघालं १०४ पीपीबी. पीपीबी म्हणजे लिटरमागे मायक्रोग्रॅम. अमेरिकेत तेव्हा कारवाईची पातळी १५ होती. मार्चमध्ये आकडा आला ३९७. नंतर व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने तिच्याकडून घेतलेल्या नमुन्यांत एक १३,२०० पीपीबीचा होता. एवढं शिसं म्हणजे नुसतं विरघळलेलं नव्हे. पापुद्र्याचे तुकडेच सुटून ग्लासात पडत होते.

केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने राज्याला विचारलं, गंजनियंत्रण चालू आहे ना? फेब्रुवारीत उत्तर गेलं, हो, आहे. एप्रिलमध्ये कबुली आली, नाही. राज्याच्या अधिकाऱ्यांनी नियमाचा अर्थ असा लावला होता की आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन फेऱ्या तपासणी करायची आणि मग फॉस्फेट हवं का ते ठरवायचं. म्हणजे वर्षभर लोकांच्या घरात प्रयोग. लोक याला पैशाची चणचण म्हणतात, काही जण विज्ञानाचं अज्ञान म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. शंभर डॉलर होते, ज्ञान तर पंचवीस वर्षं जुनं होतं. नडली ती नियमाकडे पळवाट शोधायच्या नजरेने बघायची सवय.

सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी रुग्णालयातल्या नोंदी जुळवून दाखवलं, की रक्तात शिसं जास्त असलेल्या लहान मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं आहे. सुरुवातीला त्यांच्यावरच टीका झाली. १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्यावर गेलं.

इथे संपलं असं वाटेल, पण संपलं नाही. जुनं पाणी परत आलं म्हणून जुनी कल्हई लगेच परत येत नाही. उघडा पडलेला धातू पुन्हा झाकला जायला महिने लागतात. डिसेंबरपासून शहराने स्वतः जादा फॉस्फेट घालायला सुरुवात केली, आणि शेवटी रस्ते खणून सुमारे अकरा हजार जोड बदलावे लागले. ते काम पुरं झाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. बाधितांच्या दाव्यांच्या तडजोडीची रक्कम ६० कोटी डॉलरच्या वर गेली. वाचणार होते पन्नास लाख.

पाणी स्वच्छ, तरीही

वॉशिंग्टनची गोष्ट फ्लिंटच्या आधीची आणि एका अर्थाने अधिक अस्वस्थ करणारी आहे, कारण तिथे कुणी कंजुषी केली नव्हती.

क्लोरीनमुळे तयार होणारी ती ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगं कमी व्हावीत म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये राजधानीच्या पाण्यात मोकळ्या क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरायला सुरुवात झाली. हेतू चांगला, नियमाला धरून. पण वर्षानुवर्षं तीव्र क्लोरीनच्या सहवासात तिथल्या शिशाच्या पाईपांवर जो थर बसला होता, तो शिशाच्या एका खास ऑक्साईडचा होता, लेड डायऑक्साईड. तो टिकायला मोकळं क्लोरीन लागतं. क्लोरामाइन त्याहून सौम्य. क्लोरीन गेलं, थराचा आधार गेला आणि शिसं पाण्यात उतरू लागलं. पाणी मात्र आरशासारखं. जानेवारी २००४ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा शहराला कळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑर्थोफॉस्फेट सुरू झालं आणि आकडे हळूहळू खाली आले. तिथेही शोध घेणाऱ्यांत मार्क एडवर्ड्स होते. फ्लिंटच्या लोकांनी बरोबर त्यांचाच दरवाजा ठोठावला याचं कारण हे.

दोन्ही शहरांत मिळून समजतं ते एवढंच: स्रोत बदला, जंतुनाशक बदला, गाळ बसवायचं रसायन बदला, त्या बदलाचं कागदावरचं कारण कितीही योग्य असो, आधी पाईपला विचारावं लागतं. विचारायची पद्धतही आहे. जमिनीखालून जुन्या पाईपचे तुकडे काढून त्यांचं एक छोटं मांडणीयंत्र उभं करतात आणि नवं पाणी त्यातून महिनोन् महिने फिरवून काय सुटतं ते मोजतात. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच ते आधी गाळलं जातं.

मोजमापातल्या खुब्या

शिसं मोजणं तसं सोपं. कुठलं पाणी मोजायचं हे ठरवणं अवघड.

अमेरिकेचा शिसं आणि तांब्याविषयीचा नियम १९९१ चा. धोक्याच्या घरांतून नमुने घ्यायचे, ते चढत्या क्रमाने लावायचे आणि नव्वदाव्या टक्क्यावरचा आकडा बघायचा. तो १५ पीपीबीच्या वर असेल तर शहराने पावलं उचलायची. याचा सरळ अर्थ असा, की शंभरातल्या नऊ-दहा घरांत कितीही शिसं निघालं तरी शहर कागदावर नियमात बसू शकतं. फ्लिंटमध्ये २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने होते. त्यांतले दोन तांत्रिक कारण दाखवून बाद केले गेले. एक वॉल्टर्स यांच्या घरचा. दोन नमुने काढताच शहराचा आकडा १८ वरून ११ वर आला.

नमुना घेण्याची रीत आणखी गमतीची. किमान सहा तास नळ बंद ठेवून पहिलं एक लिटर पाणी घ्यायचं, कारण थांबलेल्या पाण्यात धातू उतरतो. पण आदल्या रात्री नळ पाच मिनिटं मोकळा सोडा अशी सूचना दिली, तर पाईपमधले सुटे कण वाहून जातात आणि आकडा उतरतो. नळाच्या तोंडाची जाळी काढून नमुना घ्या म्हटलं, तर जाळीत अडकलेले कण नमुन्यात येत नाहीत. तोंड अरुंद असलेली बाटली दिली की माणूस आपोआप नळ बारीक सोडतो, आणि मंद धारेत थर कमी सुटतो. यातलं काहीही खोटं आकडे लिहिण्याइतकं उघड नाही, आणि प्रत्येकाने आकडा खाली येतो.

शिवाय पहिलं लिटर असतं स्वयंपाकघरातल्या पाईपचं. शिशाचा जोड असतो अंगणाखाली. त्यातलं पाणी चौथ्या-पाचव्या लिटरला नळाशी पोचतं. २०२१ च्या सुधारणेत म्हणूनच पाचवं लिटर तपासायचं ठरलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या नियमाने कारवाईची पातळी १० पीपीबीवर आणली आणि बहुतेक शहरांना शिशाचे सगळे जोड दहा वर्षांत बदलायला सांगितलं.

सगळेच जोड बदलायचे, हा धाडसी वाटणारा मार्ग विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराने कधीच पत्करला होता. फॉस्फेट घातलं तर ते सांडपाण्यातून गावातल्या तळ्यांत जाणार आणि तिथे शेवाळ माजणार, म्हणून त्यांनी फॉस्फेट नाकारलं आणि २००१ पासून पुढच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे आठ हजार जोड उपटून काढले. मुख्य भांडण झालं ते मालकीवरून. रस्त्याकडचा अर्धा जोड पालिकेचा, अंगणातला घरमालकाचा. पालिकेने आपला अर्धा बदलून थांबायचं म्हटलं तर परिस्थिती काही काळ आधीपेक्षा वाईट होते: कापाकापीत थर हलतो, आणि उरलेल्या शिशाला नवं तांबं जोडलं की पुन्हा ती विद्युतघट. मॅडिसनने घरमालकांना सक्ती केली, खर्चाचा अर्धा वाटा ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः दिला.

आपल्याकडचं काय

मुंबई-पुण्याच्या घरांना शिशाचे जोड ही आपली मुख्य चिंता नाही. आपल्याकडे गल्लीबोळांत जीआय पाईप, जुने बिडाचे पाईप, मोठ्या वाहिन्या पोलादी, आणि अलीकडे सगळीकडे प्लास्टिक. पीव्हीसी पाईप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत असत. ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. पितळी तोट्या आणि व्हॉल्व्हमध्येही थोडं शिसं असतं. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) पिण्याच्या पाण्याच्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० पीपीबी, आणि त्यात सवलत नाही. कागदावर आपण अमेरिकेच्या बरोबरीने आहोत, किंबहुना आधीपासून. पण शिसं मोजायला प्रयोगशाळेतलं महागडं उपकरण लागतं, आणि नमुना घरच्या नळातून, पाणी थांबवून घेतला तरच त्याला अर्थ.

आपला खरा गुंता वेगळा आहे: पाणी ठरावीक वेळ येतं. चावीवाला चावी फिरवतो, दोन तास पाणी, मग पाईप रिकामा. रिकाम्या पाईपमध्ये हवा शिरते. ओलं लोखंड आणि हवा, दररोज, वर्षानुवर्षं. गंजासाठी याहून चांगली व्यवस्था मुद्दाम करूनही जमणार नाही. त्यात दाब गेल्यावर गळक्या जोडांतून बाहेरचं, कधी गटाराचं, पाणी आत ओढलं जातं. आणि सह्याद्रीतल्या तलावांचं पावसाळी, मऊ पाणी डाळ शिजवायला उत्तम असलं तरी पाईपवर संरक्षक थर चढवण्यात कमजोर. म्हणून पोलादी वाहिन्यांना आतून सिमेंटचा लेप देतात. तो लेप चुन्याचा असल्यामुळे धातूजवळचा पीएच चढा ठेवतो. घरगुती जीआय पाईपला मात्र फक्त जस्ताचा मुलामा असतो, आणि तो झिजला की उघडं लोखंड.

दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवल्यानंतर पालिकेचं ठरलेलं निवेदन येतं, पाणी गढूळ येण्याची शक्यता आहे, उकळून व गाळून प्यावं. ते गढूळपण बहुतेक वेळा धरणातलं नसतं. दाब अचानक आल्यावर पाईपमधला साठलेला गंज उचलला जातो. उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. पण लोह किंवा शिसं उकळून जात नाही. पाण्याची वाफ झाली की उरलेल्यात ते उलट थोडं दाट होतं. तांबूस पाणी उकळत बसण्यापेक्षा ते निवळेपर्यंत बादलीत सोडून झाडांना घालावं.

गावाकडे या सगळ्यावर पहारा असतो जलसुरक्षकाचा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची आणि क्लोरीन उरलंय का हे बघणारी ओटी टेस्ट करायची. नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. मानकाप्रमाणे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ही साधी चाचणी टाकीजवळच्या नळावर न करता सगळ्यात शेवटच्या घरी केली, तर ती पाईपबद्दलही बोलते. टाकीशी गडद पिवळा आणि शेवटच्या घरी रंगच नाही, याचा अर्थ मधे कुठेतरी क्लोरीन खाल्लं जातंय. तिथे पावडर वाढवत राहण्याआधी गंजलेला किंवा गळका पाईप शोधला पाहिजे. फ्लिंटमध्ये नेमकं हेच उलट्या क्रमाने झालं.

एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेत १९८६ च्या आधीच्या घरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तळघरात जिथे पाण्याचा पाईप भिंतीतून आत येतो तिथे तो नाण्याने खरवडून बघावा. चंदेरी चकाकी दिसली आणि लोहचुंबक चिकटलं नाही, तर तो बहुधा शिशाचा. चुंबक चिकटलं तर लोखंड, खरवडल्यावर लालसर दिसला तर तांबं. शिशाचा निघाला तर शहराच्या पाणी खात्याकडून तपासणी करून घ्यावी. तोवर शिशासाठी प्रमाणित गाळणं वापरावं, आणि बाळाचं दूध बनवायला गरम पाण्याचा नळ कधीच वापरू नये. गरम पाणी धातू जास्त विरघळवतं.

हे शेवटचं पुण्या-मुंबईतही लागू आहे. गीझरचं पाणी पिण्यासाठी किंवा चहासाठी घेऊ नका. बाहेरगावाहून चार दिवसांनी परत आलात तर पिण्याचं पाणी भरण्याआधी नळ काही मिनिटं मोकळा सोडा, आणि ते पाणी फरशी पुसायला वापरा. तोटीला जाळी असेल तर ती महिन्याभराने फिरवून काढा आणि झटकून बघा. त्यात तांबूस-काळे कण वारंवार सापडत असतील, तर फिल्टर बदलायच्या आधी सोसायटीच्या पुढच्या बैठकीत गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाईपचं वय विचारा.